माशाचं अर्धं नाव

मासा धपकन नावेत पडला आणि नीवेसचं काळीज उडालं. मग तिनं त्याचं थोबाड पाहिलं. तेच ते ध्यान! भलामोठा जबडा, हिरवट अंग, पाठीवर ताठ उभे काटे. बास जातीचा मासा.

“त्रोता नाही,” फॉर्तुनातो म्हणाला. ते काय तिला दिसत नव्हतं?

त्रोता, म्हणजे ट्राउट, या तळ्यात कुणी पाहिल्याला जमाना झाला होता. ते ठाऊक असूनच नीवेसनं ईस्टरला लेआर्कोच्या बारमध्ये, सगळ्यांदेखत, तोंड उघडलं होतं. फॉर्तुनातोनं टोपी हातात धरून तिला लग्नाचं विचारलं, आणि ती फणकाऱ्यानं म्हणाली, “या तळ्यातली त्रोता धरून आण, मग बघू!” सगळा बार हसला. ती विधवा, तो विधुर, लहानपणी एका शाळेतले. थट्टेवारी जाईल असं तिला वाटलं. पण हा बाबा पुढच्याच रविवारी गळ घेऊन तिच्या दारात हजर. वर तिलाही नावेत बसवलं, का तर साक्षीदार हवा!

तिथंच घोटाळा झाला. इतके रविवार त्याच्यासमोर बसून, त्यानं कापून दिलेलं सलामी-पाव खाऊन, त्याची लष्करातल्या खेचराची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून तिला तो आवडायला लागला. चांगलाच आवडायला लागला. घरी एकटीपुरता मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायचा तिला वीट आला होता. पण चारचौघांत टाकलेला शब्द गिळायचा कसा? तो बार जन्मभर दात काढत बसेल.

मेल्यानं बाजारातून एखादी त्रोता आणली असती, तरी तिनं डोळे मिटून घेतली असती. पण हा पडला तळ्यावरचा जुना राखणदार. नियमाच्या मापाला बोटभर आखूड भरलेला मासा सख्ख्या भावाच्या टोपलीतूनही काढून पाण्यात सोडणारा. आणि आजचा रविवार शेवटचा. पुढच्या रविवारपासून त्रोता धरायला बंदी. ती उठणार फेब्रुवारी संपता संपता.

“आता पुढच्या वर्षी,” तो गळ सोडवत पुटपुटला. आवाज अगदी पडला होता.

पुढच्या वर्षी! पुढचं वर्ष काय त्यानं खिशात ठेवलंय?

“थांब,” नीवेस म्हणाली. “सोडू नकोस. या माशाचं नाव काय?”

“आं?”

“नाव रे, नाव. राखणदार होतास ना?”

“पेर्सिको त्रोता. अख्खं गाव म्हणतं. तूही म्हणतेस.”

“शेवटी काय म्हणालास?”

“त्रो…” तो थबकला. त्याचे कान लाल झाले. “छे, छे! भलतंच काय, नीवेस! ते नुसतं नाव. हा ना त्रोताच्या जातीचा, ना कुळाचा. अमेरिकेतून आणून सोडलेला उपरा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!”

“तुझं नाव फॉर्तुनातो. नशीबवान! ईस्टरपासून एक त्रोता गळाला लागली नाही तुझ्या. तरी त्या नावानं हाक मारली की ओ देतोसच ना?”

त्यानं टोपी मागं सरकवली. “पण किनाऱ्यावर मला विचारतील गं. मी खोटं बोलत नाही.”

“खोटं बोल म्हणतंय कोण? नाव सांग फक्त. आणि वल्ही मार आता.”

त्यानं वल्ही मारली. तोंडातल्या तोंडात काहीतरी हिशेब चाललेला होता त्याचा.

बारच्या अंगणात रविवारची मंडळी पेले घेऊन बसलेली होती. “काय लागलं?” लेआर्को दर रविवारसारखा ओरडला. उत्तर त्याला पाठ होतं.

नीवेस उठून उभी राहिली. नाव डचमळली. तिनं माशाच्या जबड्यात अंगठा घालून त्याला उंच धरला. “त्रोता!”

अंगणात एकच हशा उसळला. “ही त्रोता? मग मी पोप!” कुणीतरी ओरडलं.

लेआर्कोनं हात वर केला. “गप्प बसा रे! राखणदाराला सांगू दे. तो म्हणेल ते खरं. फॉर्तुनातो, मासा कुठला?”

नीवेसचा जीव टांगणीला लागला. त्याच्याकडे बघायचा धीर होईना, म्हणून ती माशाकडेच बघत राहिली. या माणसानं आयुष्यात कधी टोपलीभर थाप मारली नव्हती, की चिमूटभर. त्यानं वल्ही आत घेतली, टोपी काढली आणि घसा खाकरला.

“पेर्सि…” त्यानं सुरुवात केली, आणि त्याला खोकला आला. असातसा नाही. कमरेत वाकवणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, काठावरची बदकं उडवणारा खोकला. तो ओसरेपर्यंत सगळं अंगण पेले हातात धरून थांबलं. मग त्यानं तोंड पुसलं, ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “त्रोता!”

टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. कुणाची तरी खुर्चीसुद्धा उलटली. लेआर्को टेबलाला धरून हसत होता. “अरे लबाडा, हा खोकला कधीपासून लागला तुला?”

“आत्तापासून,” नीवेस फॉर्तुनातोची पाठ चोळत म्हणाली. “पण तू नको काळजी करूस. त्याच्याकडे बघायला आता मी आहे.”