अभ्यासापुरतं

कमळाकर साहेबांनी कामगारांसमोर पडद्यावर चित्र टाकलं आणि नम्रता खुर्चीत ताडकन सावरून बसली. चित्र तिचंच होतं, पण भलतंच.

रोह्याच्या या कारखान्यात टाकीच्या सांध्यात ध्वनिलहर सोडली, तेव्हा आतून प्रतिध्वनी आला होता. तडा असणार, म्हणून कामगारांनी टाकीवर चढायला साफ नकार दिला. नम्रतानं तोच सांधा कॉम्प्युटरवर बारीक तुकड्यांत मांडला, त्यात तडा घातला आणि लहर सोडून पाहिली. प्रतिध्वनी हुबेहूब जुळला. तिनं साहेबांना तसं सांगितलंही.

"छान. आता अभ्यासापुरतं एक कर," साहेब म्हणाले होते. "तडा नसतानाही असाच प्रतिध्वनी कधी येईल, शोध बरं."

तिनं तडा काढून टाकला, लहर सोडण्याची जागा खऱ्या जागेपासून दोन बोटं सरकवली, आणि सापडलं! पोरगी केवढी हरखली होती. ज्यांनी हे सगळं शिकवलं, त्यांनीच पाठ थोपटली होती ना.

तेच चित्र आता खरी तपासणी म्हणून पडद्यावर होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"आवाज वेल्डिंगच्या कडेवरून परततोय. तडाबिडा काही नाही," साहेबांनी सांगून टाकलं.

"पन ह्यो हिशेब केला कोनी?" कामगारांचा पुढारी काळुराम मागून म्हणाला.

"तुमच्या निडी गावच्याच नम्रतानं."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिचा धाकटा भाऊ जगन त्याच घोळक्यात होता. त्याची तर छाती अभिमानानं फुगली.

नम्रता उठली. "चित्र मीच काढलंय, पण..."

पुढचं टाळ्यांत बुडालं. सगळ्यांत जोरात साहेबच वाजवत होते, तिच्याकडे न बघता. तिला रडू फुटेना, इतका संताप आला होता.

खुर्च्या सरकल्या. माणसं शिफ्टला निघाली.

"चला रं," जगन दाराशी ओरडला. "माज्या बहिनीनं बघितलंय. पयला मीच चढतो."

नम्रतानं धावत जाऊन त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "जाऊ नको, जगन. तडा हाय टाकीला. सायबानं फसवलं मला."

"काय बोलतेस? सोड गो ताय, सगली बघतान."

"बघू देत," ती म्हणाली, आणि मनगट न सोडता दारातच फतकल मारून बसली.