मिठाचं पाणी

मोठ्या माशाने शेपटी कुरतडली म्हणून गंगाधररावांनी छोटा गोल्डफिश वेगळ्या टबात ठेवला होता. रोज पाणी बदलायचं, चिमूटभर मीठ घालायचं. शेपटी पुन्हा फुटली, तसे ते हरखले.

"इरा, बरा झाला बरं का गडी! आज सोडतो टाकीत."

तळेगावच्या सासरहून आलेली त्यांची मुलगी जवळ आली. तिच्या मनगटावरचा वळही आता पुसट झाला होता.

"बाबा, तो मोठा आहे ना अजून टाकीत?"

"आहे. पण शेवटी घर तेच ना त्याचं. होते सवय."



बाहेर जावयाच्या गाडीचा हॉर्न वाजला. गंगाधररावांनी मान वर केली नाही. इराची बॅग सकाळी त्यांनीच भरून दाराशी ठेवली होती.