बोहनीची खोली

“दीड हजार देईन,” स्कूटीवरून न उतरताच बाई म्हणाली.

गीतांजलीला हसूच आलं. ‘खोल्या भाड्याने देणे आहेत’ ही पाटी फाटकाला बांधून तिचे हात अजून खाली आले नव्हते. भाडं तीन हजार. त्याखाली रुपयाही उतरायचा नाही, हे तिनं सासूकडून कालच वदवून घेतलं होतं. नांदगाव पेठेत कारखाने वाढताहेत, कामगारांना खोल्या मिळत नाहीत, आपण बांधू, भाड्यातूनच हप्ता फिटेल, हे सगळं तिचंच डोकं. तिच्या भरवशावर सासूनं, सत्यभामाबाईंनी, भाजीचं वावर बँकेत गहाण टाकलं होतं. सहाच्या सहा खोल्या पुऱ्या भाड्यानं गेल्या तरच मेळ बसत होता. सासू तिला लाडानं ‘म्यानेजरबाई’ म्हणायची, आणि नव्या रंगाच्या वासात आज ती सकाळपासून खरोखरच म्यानेजरसारखी मिरवत होती.

“ताई, तीन हजार. नळ आहे, मोटर आहे...” ती सांगू लागली.

“घे, माय. पयली खोली तुही,” मागून सासूचा आवाज आला.

सत्यभामाबाई फाटकाशी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. गीतांजली गर्रकन वळली.

“आई, काय करून राहिल्या तुम्ही?”

“बोहनी हाये. बोहनीचं, पयलं गिऱ्हाईक मी कधी वापस केलं नाई.”

“अहो, ही काय मेथीची जुडी आहे? जुडी एकदाच जाते. खोली दर महिन्याला अर्ध्यात जाईल.”

“जाऊ दे. शब्द गेला तोंडातून.”

बाईनं नोटा काढल्या. भाजी विकताना पहिली नोट तराजूला लावायची, मग कपाळाला, ही सासूची जन्माची सवय. इथे तराजू नव्हता. सत्यभामाबाईंनी उठून नोटा पहिल्या खोलीच्या नव्या चौकटीला लावल्या. आता दर महिन्याला भाजीच्या पैशाला हात लागणार होता, आणि तोही पहिल्याच गिऱ्हाइकापायी.

बाईनं आता कुठे स्कूटी उभी केली. साऱ्या खोल्या फिरून पाहिल्या, कड्या ओढल्या, नळ सोडले. मग ओट्यावर येऊन बसली.

“मी प्रियदर्शनी. इथल्या कारखान्यात शिलाईच्या पोरी माह्या हाताखाली हायेत. मागच्या घरमालकानं त्यायले एक भाडं सांगून आत घेतलं आन् दोन महिन्यांत वाढवलं. पोरी रडत सामान घेऊन बाहेर आल्या. म्हणून यावेळी ठरवलं, आधी माणूस पाहाचं, मग खोली.” ती जुड्यांकडे पाहून हसली. “माही मायही अकोल्यात भाजी विके, जठारपेठेत. तुमच्या पुढची कोथिंबीर पाहिली, म्हणून मुद्दाम अर्धा भाव बोलली. तोट्यात जाऊनही बोहनी पाळता का, हे पाहाचं होतं.”

मग तिनं खोल्यांकडे बोट केलं.

“सहाही खोल्या मले पाह्यजेत. पुऱ्या भाड्यानं. पयलीचेही तीन हजारच धरा.”

सहाही खोल्या, एका सकाळी! हप्ता फिटत होता, वावर वाचत होतं, गावात टिंगल करणाऱ्यांची तोंडं बंद होत होती. आनंदानं गीतांजलीला जागेवर उभं राहवेना. किल्ल्यांचा जुडगा तिनं पुढे केलासुद्धा.

त्या नोटा अजून सत्यभामाबाईंच्या मुठीत होत्या.

“बोला, म्यानेजरबाई,” एवढंच त्या म्हणाल्या.

गीतांजलीनं चौकटीकडे पाहिलं. मग सासूच्या मुठीकडे. मग किल्ल्या प्रियदर्शनीच्या हातात ठेवत म्हणाली,

“पाचच तीन हजारांनी, ताई. पयलीची बोहनी झाली.”