बटणावरचा हात
गोंदियाच्या पोलीस कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर बसवताना शिकवणाऱ्या उस्तादांनी दुर्गेश्वरीकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती: कमांडो पार्टी जंगलात दबा धरून बसली, की आपण होऊन कॉल द्यायचा नाही. पण आजच्या पार्टीत तिचा धाकटा भाऊ होता. दुपार कलली तरी सेट मुकाच, तेव्हा न राहवून तिने बटण दाबून हाक मारलीच. तिकडे झुडपात सेट खरखरला, आवाजाच्या रोखाने नक्षलवाद्यांच्या गोळ्या सुटल्या. भाऊ सुखरूप परतला, पण सेट सांभाळणाऱ्या संघदीपच्या मांडीत गोळी शिरली. दवाखान्यात साहेबांनी सेट कसा वाजला ते विचारल्यावर तो म्हणाला, “माझाच हात पडला बटणावर, सर.” दाराशी उभी दुर्गेश्वरी साहेबांना वाट द्यायला बाजूला सरकली. साहेब गेले, तशी संघदीपची बायको तिच्याकडे वळली. “एवढं बी ध्यान राहत नाही ह्यायले! मॅडम, तुमी वायरलेसवाल्या, तुमीच समजवा.” दुर्गेश्वरी खाली बघत म्हणाली, “हो.”