जोडीतला एक

कॉम्प्युटर गच्च भरला, म्हणून बाजारातल्या बोतिर अकांना, म्हणजे बोतिरदादांना, दुरुस्तीला बोलावलं. मी चहा आणेपर्यंत त्यांचं काम उरकलंसुद्धा.

“काय हे ताई, एकाच पोरीचे तेच ते फोटो दोन-दोनदा साठवलेत! सारखे दिसणारे सगळे उडवले, जोडीतला एकेकच ठेवला. बघा, किती जागा रिकामी झाली!”

“परत आणता येतील?”

“दुसरीकडे बॅकअप असेल तर काय, चुटकीसरशी!”

बॅकअप नव्हता. मुली मात्र दोन होत्या, जुळ्या. नजर लागेल म्हणून सासूबाई दोघींचा एकत्र फोटो काढू देत नसत. दर नवरोजला एकसारखे झगे घालून आम्ही एकेकीला त्याच जर्दाळूच्या झाडाखाली उभं करायचो. या हिवाळ्यात झुहरा तापाने गेली.

फोतिमा माझ्या मांडीवर चढून उरलेले फोटो बघू लागली. “ही मी. ही पण मी. ही पण मीच.” मग माझा चेहरा बघून ती थांबली.

 

“आई, यातली एक झुहरा आहे असं म्हणूया का?”