फाइंडलची रीत

फाइंडल म्हणजे समुद्रकाठी सापडलेली वस्तू. आता कोणाच्याच तोंडी नसलेला हा शब्द मुळात आला कुठून आणि अशा वस्तूंबाबतची जुनी रीत काय होती, ते केंटच्या किनाऱ्यावरच्या केझाया पिल्चरनं अकरा वर्षं खपून शोधलं. तपासायला दिलेली तिची वही रेव्हरंड टॉमलिननी परत केली नाही, स्वतःच्या नावानं छापली. प्रस्तावनेत लिहिलं, ‘चर्चच्या पेटीत काही बेवारस टिपणं सापडली.’

रविवारी प्रार्थना सुटली तेव्हा केझाया ते पुस्तक उंच धरून चर्चच्या दारात उभी होती.

“सापडलंय हो, सापडलंय. अकरा वर्षांचं काम, बाईच्या हातचं. रेव्हरंडांच्या पुस्तकात सापडलं. ज्याचं असेल त्यानं ओळख पटवून न्यावं.”

नावाडी तोंडावर टोप्या धरून हसू लागले. टॉमलिन तिच्याजवळ येऊन पुटपुटले, “मिस पिल्चर, हा काय तमाशा?”

“तुम्हीच छापलंय की, साहेब. पान बारा. सापडलेलं चर्चच्या दारात न पुकारता ठेवून घेतलं, तर ती चोरी.”

“बरं, पुकारलंत ना? घरी चला, वही देतो.”

“राहू द्या. पान तेरावर आहे, तीन रविवार पुकारायचं असतं. पुढच्या रविवारी बिशपसाहेब येतायत ना?”