फायद्याची शाखा

मेडिकलच्या मुलांना पैशाचं नियोजन शिकवणाऱ्या सल्लागारसाहेबांचा सल्ला ठरलेला असे. एका पोरीलाही त्यांनी तोच दिला: "लहान मुलांची डॉक्टर? अगं पोरी, शिक्षणाचं कर्ज फेडता फेडता आजी होशील! त्यापेक्षा लोकांची नाकं सरळ कर." पोरं निमूट ऐकायची आणि कॉलेज दरवर्षी साहेबांचा सत्कार करायचं.

पुढे एकदा धाप लागलेली तान्ही नात छातीशी धरून साहेब गावातल्या सर्वांत मोठ्या इस्पितळात धावत शिरले. "लहान मुलांचे डॉक्टर कुठे आहेत?"

समोर तीच पोरगी होती, आता नाकांची नामांकित डॉक्टर. घाईघाईने नातीला ऑक्सिजन लावत ती म्हणाली, "कुणीच नाही, सर. इथे सगळे तुमचेच विद्यार्थी. एकाच्याही डोक्यावर कर्ज नाही."